मेरिडेननंतरची बॉनव्हिल

वर कुणीतरी लिहिलंय की १९८३ला ट्रायम्फचा इंग्लंडमधल्या मेरिडेनचा कारखाना बंद पडला आणि ट्रायम्फ बॉनव्हिल ही ब्रिटिश मोटरसायकल संपली. तसं नाही हो. ट्रायम्फ हे नाव विकत घेतलेले बांधकाम व्यावसायिक जॉन ब्लूर यांनी सुटे भाग बनवणाऱ्या लेस हॅरिस यांना परवाना दिला आणि डेव्हनमधल्या न्यूटन ॲबटला १९८५ ते ८८ हीच गाडी पुन्हा बनली. तोवर सुटे भाग पुरवणारे बरेच ब्रिटिश कारखाने उरले नव्हते. म्हणून पुढच्या चाकाचे फोर्क (सस्पेन्शन) पायोलीचे, ब्रेक ब्रेम्बोचे, मीटर वेग्लियाचे. सगळा इटालियन माल! इंजिन मात्र तेच जुनं ७४४ सीसीचं पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडरचं. ही अस्सल ट्रायम्फ की नकली असा वाद घालणारे घालोत, मला तर हॅरिस यांची ही शेवटची बॉनव्हिलच जास्त आवडते. अमेरिकेत ती विकलीच गेली नाही, उत्पादन-दायित्वाचा विमा (गाडीतल्या दोषामुळे कुणाला इजा झाली तर भरपाईसाठीचा) परवडेना. एकेकाळची सगळ्यात मोठी बाजारपेठ तीच!