'आर्कटेक्स्ट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: ऑटोकॅडमध्ये (संगणकावर आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मजकूर गोलाईने बसवायला 'आर्कटेक्स्ट' ही आज्ञा आहे. आयटीआयच्या ड्राफ्ट्समन मुलांसाठी टिपणं काढतोय. 'चापलेख' लिहू की 'वक्रलेख'? कामावर सगळे 'टेक्स्ट गोलाईत टाक' एवढंच म्हणतात.

प्रतिसाद: 'चाप' नको. बालभारतीच्या भूमितीत वर्तुळाच्या तुकड्याला कंस म्हणतात. लघुकंस, विशालकंस मुलांच्या तोंडी असतात. चाप म्हणजे धनुष्य आणि जीवा म्हणजे त्याची दोरी, ही जुनी जोडी सुंदर आहे खरी. पण आज चाप म्हटलं की केसांचा नाहीतर बंदुकीचा आठवतो.

प्रतिसाद: 'वक्रलेख'ही या आज्ञेला लावू नका. आर्कटेक्स्ट फक्त कंसावर चालते. स्प्लाइनने, म्हणजे मुक्त वळणांच्या रेषेने, काढलेल्या नदीच्या काठाने नाव लिहायला गेलात तर ती वस्तू निवडलीच जात नाही. पूर्ण वर्तुळही चालत नाही, ते आधी तोडून कंस करावा लागतो. इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र कुठल्याही वाकड्यातिकड्या रेषेवर मजकूर चढतो, 'वक्र' तिथे शोभेल. 'कंसलेख' म्हणावं तर कंसातला मजकूर वाटतो. म्हणून मी नाम घडवायच्या फंदात न पडता 'कंसावर मजकूर बसवणे' असं क्रियापदच लिहीन. आज्ञेचं नाव आर्कटेक्स्टच राहू द्या, मुलांना तेच टंकायचं आहे.

आज्ञा दिल्यावर उघडणाऱ्या खिडकीतल्या पर्यायांना मात्र मराठी शब्द जरूर द्या. बहिर्वक्र बाजू, अंतर्वक्र बाजू हे शब्द आरशांच्या धड्यातून मुलांना ठाऊक आहेत. अक्षरांची डोकी केंद्राकडे की केंद्रापासून दूर, हा पर्याय वेगळा समजावा. गोल शिक्क्यात वरच्या ओळीची डोकी बाहेर असतात. खालची ओळ सुलटी वाचता यावी म्हणून तिची डोकी आत, केंद्राकडे ठेवावी लागतात.

आणि देवनागरीबद्दल दोन ओळी घालाच, इंग्रजी पुस्तकांत ही अडचण सापडत नाही. समजा कंसाची त्रिज्या ५० मिमी आणि अक्षरं १० मिमी उंच, डोकी बाहेर. पायाशी ८ मिमी रुंदीची अक्षरं एकमेकांना चिकटून बसली, तर डोक्याशी त्रिज्या ६० मिमी होते आणि तिथे प्रत्येक अक्षराच्या वाट्याला ९.६ मिमी येतात. म्हणजे दर दोन अक्षरांमध्ये शिरोरेषा सुमारे दीड मिमी तुटते. रोमन अक्षरांना याने काही होत नाही, आपला शब्द मात्र विस्कटतो. देवनागरी शिरोरेषेला लटकते, म्हणून अंतर शिरोरेषेच्या कंसावर मोजावं आणि पाय थोडे जवळ येऊ द्यावेत. शिवाय युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या पद्धतीत) 'शि' साठवताना आधी श आणि मग वेलांटी असते. प्रत्येक चिन्ह सुटं बसवणाऱ्या साधनात वेलांटी श-च्या उजवीकडे जाते आणि 'शिक्का' वाचता येत नाही.

प्रश्नकर्ता: क्रियापदाचं पटलं. मग 'अक्षर' आणि 'चिन्ह' हे दोन शब्दही टिपणात वेगळे ठेवू का?

प्रतिसाद: हो, ठेवाच. 'शि' हे एक अक्षर, चिन्हं दोन. 'क्का' हे एक अक्षर, चिन्हं चार: क, हलन्त, क, काना. कंसावर फिरवायचं ते अख्खं अक्षर.