‘पॉवर’ला मराठीत काय म्हणायचं: शक्ती, सत्ता की सामर्थ्य?

प्रश्न
शालेय ज्ञान आणि सामाजिक न्याय यांवरचा एक मजकूर मराठीत आणतोय. त्यात ब्रिटिश शिक्षण-समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांच्या दोन संज्ञा जोडीने येतात: ‘नॉलेज ऑफ द पॉवरफुल’ आणि ‘पॉवरफुल नॉलेज’. ‘बलवानांचं ज्ञान’ आणि ‘बलवान ज्ञान’ लिहून पाहिलं, पैलवानांची गोष्ट चालल्यासारखं वाटलं. दोन्हीकडे एकच शब्द ठेवावा का?

प्रतिसाद १
‘शक्ती’ घ्या. ‘ज्ञान हीच शक्ती’ सगळ्यांच्या तोंडी आहे, वाचक अडखळणार नाही.

प्रतिसाद २
अडखळणार नाही, आणि म्हणूनच अर्थ निसटेल. सत्ता गाजवतात, ती कोणावर तरी चालते. सामर्थ्य अंगी येतं; त्याला समोर कोणी दबलेला लागत नाही. यंग यांचा सगळा वाद या दोन अर्थांमधला आहे. १९७१ मध्ये त्यांनी संपादित केलेल्या लेखसंग्रहाचा रोख असा होता, की अभ्यासक्रमात ‘ज्ञान’ म्हणून काय बसतं आणि काय बाहेर राहतं, हे वरचढ गट ठरवतात. पुढे त्यांनीच या भूमिकेला मुरड घातली: ज्ञान कोणाच्या ताब्यात आहे हा एक प्रश्न, ते शिकणाऱ्याला काय करू देतं हा दुसरा. बीजगणित मूठभरांनी अडवून ठेवलं, म्हणून बीजगणित खोटं ठरत नाही.

पहिल्यासाठी ‘सत्ताधाऱ्यांचं ज्ञान’ टाळा, मंत्रिमंडळ डोळ्यांपुढे येतं. ‘प्रस्थापितांचं ज्ञान’ चपखल बसेल. दुसऱ्यासाठी ‘सामर्थ्य देणारं ज्ञान’. ‘सामर्थ्यशाली’ म्हटलं की सगळा रुबाब विषयाकडे जातो, मूल कोपऱ्यात राहतं.

प्रतिसाद ३
शक्तीची थोडी बाजू घेतो. सत्ता आणि ज्ञान यांच्या नात्यावर लिहिणारे फ्रेंच विचारवंत मिशेल फुको ‘पॉवर’साठी फ्रेंचमध्ये ‘पूव्वार’ लिहितात. ते नामही आहे आणि ‘शकणे’ या अर्थाचं क्रियापदही. आपल्याकडे ‘शक्ती’ आणि ‘शकणे’ एकाच धातूतले. पण हा झाला भाषेचा योगायोग. शिस्त आणि तुरुंग यांवरच्या १९७५ च्या ग्रंथात फुको परीक्षेबद्दल लिहितात तिथे ‘सत्ता’च हवी: परीक्षा मुलाबद्दलचं ज्ञान तयार करते आणि त्याच दमात त्याला एका पायरीवर बसवते.

प्रतिसाद ४
‘सामर्थ्य देणारं’ मान्य, पण त्या गोडव्यात सत्ता पुसली जाऊ नये. जॅनेट हॉलंड यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आठवा. ब्रिटिश शिक्षण-समाजशास्त्रज्ञ बेझिल बर्नस्टाइन त्याचा वारंवार दाखला देत. मुलांना खाद्यपदार्थांची चित्रं देऊन ‘जुळणारी एकत्र ठेवा’ एवढंच सांगितलं. कामगार घरांतल्या बहुतेक मुलांनी ‘हे आम्ही न्याहारीला खातो’ अशा हिशेबाने गट केले. मध्यमवर्गीय घरांतल्या अनेकांनी ‘या भाज्या’, ‘हे समुद्रातलं’ असे केले. पुन्हा करायला सांगितल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणांनी घरचाही हिशेब लावून दाखवला. म्हणजे दोन्ही रीती त्यांच्याकडे होत्या, आणि शाळेत आधी कोणती पुढे करायची हे त्यांनी न सांगता ओळखलं. चूक कोणाचीच नव्हती. पण गुण कोणत्या रीतीला पडतात हे शाळा बोलून दाखवत नाही. त्या न बोललेल्या नियमाला ‘सत्ता’ म्हणा, दुसरा शब्द नको.

प्रश्नकर्ता
ठरलं: प्रस्थापितांचं ज्ञान, सामर्थ्य देणारं ज्ञान, आणि नियमांच्या संदर्भात सत्ता. न्यायाच्या परिच्छेदात मात्र ‘ॲक्सेस’वर अडलोय. ‘प्रवेश’ लिहिलं की पटावर नाव चढवून काम संपल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद २
‘वाट्याला येणं’ वापरा. ‘कोणतं ज्ञान कोणाच्या वाट्याला येतं’ म्हटलं की वाटप करणाराही आपोआप वाक्यात येतो. आणि ‘झेपणे’वर लक्ष ठेवा. ‘त्यांना झेपेल तेवढंच शिकवू’ हे मायेने म्हटलं जातं, पण अपूर्णांक, आलेख, पुरावा मागण्याची सवय त्या मायेपोटीच गाळली जाते. मूळ मजकुरात ‘सूटेबल’ असेल तिथे ‘झेपणारं’ करण्याआधी बघा, ते कोणी ठरवलंय.