अनुभव धागा: रेल्वेगाडी बघायला निघालो आणि रस्त्यातच अडकलो (थंडी विशेष)

तिसरं गेट, टिळकवाडी

थंडी पडली, उसाला तोड लागली आणि आपल्या मंडळींच्या गाड्यांना पोचे पडायला सुरुवात झाली. गेल्या आठवड्यात कट्ट्यावर दोघं जण आरसा नसलेल्या कार घेऊन आले. एकाच्या बंपरला सुतळी बांधलेली होती. म्हणून म्हटलं, यंदा रेल्वेचे फोटो पुरे, रस्त्यावरचे किस्से लिहा.

रेल्वेगाड्या बघायचा हा छंद घरात पटवून देणं अवघडच. पहाटे साडेपाचला माणूस कानटोपी घालून निघतो. "कुणाला आणायला चाललास?" "कुणाला नाही." "मग स्टेशनवर काय?" "स्टेशनवर नाही, देसूरच्या पुढं, शेतात." यावर कुठली बायको, कुठली आई गप्प बसेल? त्यात सप्टेंबर २०२४ पासून हुबळी–पुणे वंदे भारत सकाळी सातच्या आगेमागे बेळगावातून मिरजेकडं जाते, म्हणजे नेमकी धुक्याच्या वेळेला. दुपारची हरिप्रिया एक्स्प्रेस बघून समाधानी असणारे लोकही त्यामुळं पहाटे उठायला लागले. यंदाचे निम्मे पोचे मी तिच्याच खात्यावर टाकतो.

दोन अटी. रुळांत उतरल्याचे, रुळावरून चालल्याचे किस्से इथं नकोत. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली तो गुन्हा आहे, आणि त्यात शौर्यही काही नाही. दुसरं, कारखाना, टोल, गॅरेज कुणाचंही नाव घालायचं नाही.

सुरुवात म्हणून एक छोटा किस्सा. आम्ही पाच जण एका लहान कारमध्ये, खिडक्या घट्ट बंद, थर्मासमधला चहा फिरतोय. खानापूर रोडला लागलो तसं धुकं दाटत गेलं. चालवणारा मित्र स्टिअरिंगवर वाकला, वेग वीसवर आला, तरी डावी बाजू मैलाच्या दगडाला घासलीच. खाली उतरून बघतो तर लांबचे दिवेसुद्धा स्वच्छ दिसत होते! धुकं सगळं गाडीतच, आमच्याच श्वासाचं आणि चहाच्या वाफेचं. एसी लावायचा, हवा काचेवर सोडायची आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करायचं. अर्ध्या मिनिटात काच साफ होते. पण थंडीत एसी लाव म्हटलं की लोक वेड्यात काढतात.

वाडं आणि पाचट, रायबागकडचा

माझा दुधाचा टेम्पो हाय, त्यामुळं पहाटेचं धुकं आमच्या धंद्यातच आलं. सगळे उसाच्या ट्रॉलीला शिव्या देत्यात. डबल ट्रॉली, मागं दिवा न्हाई, रेडियम असलं तर चिखलानं झाकलेलं. खरं हाय. पण ट्रॉलीचा आवाज तरी येतो, उसाचा वास तरी येतो. मला भ्या वाटतं ते दगडाचं.

ट्रॉली पंक्चर झाली की ड्रायव्हर चाकाला मोठे दगड लावतो, मागं वाड्याची, म्हंजे उसाच्या शेंड्यांची, पेंडी टाकतो, टायर बदलतो आणि जातो निघून. दगड तिथंच, भर रस्त्यात. मिरजेचा एक दोस्त कुडचीला कृष्णेच्या पुलावरची मालगाडी बघायला आलेला. म्हटलं चल, दूध घालून सोडतो. नदीकडं उतरलो आणि समोर सगळं पांढरं. हळूच चाललेलो, तरी खाली "खट्ट" झालं आणि ऑइलचा दिवा पेटला. दगडानं चेंबर फुटलेलं. उतरून बघितलं तर काळ्या ऑइलचा ओघळ डांबरावरनं कडेच्या पाचटात चाललेला, आणि त्यातनं वाफ येऊलेली.

मिस्त्री येईपर्यंत तिथंच. मग पुलावर धडधड सुरू झाली. इंजिन दिसंना, डबा दिसंना, नुसता आवाज आणि लांबलचक हॉर्न. दोस्तानं मोबाईल वर धरून तेवढंच रेकॉर्ड केलं. अजून ऐकवतो सगळ्यांना. दूध मात्र वेळेत पोचलं न्हाई, त्याचं कापून घेतलं संकलन केंद्रानं.

आणि एक. ट्रॅक्टर शेतातनं रस्त्यावर येतो तवा चाकाला काळी माती घेऊन येतो. दिवसा ती वाळून उडून जाती. पहाटे दंव पडलं की त्याच मातीचं साबण होतंय. टू-व्हीलरवाल्यांनी शेताच्या तोंडाला ब्रेक मारू नये, आधीच गाडी हळू करावी.

तिसरं गेट

दगड उचलून कडेला टाकायला एक मिनिट लागत नाही, पण ते कुणी करत नाही. पुढं लिहा.

मलप्रभाकाठ, खानापूर

शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं आधी थोडी मास्तरकी. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की रात्री जमीन भराभर थंड होते आणि तिला लागून असलेल्या हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. थंड हवा जड, ती खोलगटात उतरते. म्हणून मलप्रभेच्या पुलावर आणि भाताच्या खाचरांत धुकं साचलेलं असतं आणि चढावर आलं की लख्ख. चढावर वेग घेऊन तसंच उताराला लागणारे फसतात ते यामुळंच. आणि "उजाडलं की कमी होईल" यावर विसंबू नका. उन्हानं हवा जराशी हलायला लागते, थर वर चढतो, आणि सूर्य उगवल्यावर थोडा वेळ धुकं उलट दाटतं.

आता किस्सा. आम्ही चौघी, सगळ्या शिक्षिका, कॅसलरॉकला निघालो होतो. बायका गाड्या बघायला जातात हे ऐकून काहींच्या भुवया उंचावतात, त्या उंचावू देत. गोव्यातल्या कुळ्याहून वर येणाऱ्या मालगाडीला मागून बँकर इंजिनं रेटा देत आणतात, कारण घाटाचा चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. वर कॅसलरॉकला ती इंजिनं सुटतात, ते बघायचं होतं. १८८८ मध्ये ही लाइन सुरू झाली तेव्हा कॅसलरॉकच्या पुढं पोर्तुगीज हद्द होती. मुलांना इतिहास सांगताना मला हे स्टेशन फार उपयोगी पडतं.

रामनगर सोडल्यावर जंगलातला रस्ता, त्यावर पानांचा थर, पानांवर दंव. वळणावर गाडी अलगद, अगदी न घाबरवता, डाव्या चरीत जाऊन बसली. चाक नुसतं फिरतंय, पानं उडताहेत. रेंज नाही. थोड्या वेळानं कामावर निघालेले रेल्वेचे चार-पाच गँगमन आले. "उतरा बाई सगळ्या," म्हणाले, आणि "हो…हो" करत मागची बाजू उचलून रस्त्यावर ठेवली. हातातल्या पान्यांना, पहारींना हात लावायचीही गरज पडली नाही.

"कुठं निघालात एवढ्या थंडीत?"
"बँकर बघायला."
त्यांच्यातला एक जण बराच वेळ आमच्याकडं बघत राहिला. "ती रोजच येतात की ओ. त्यात काय बघायचं?"

मग त्यानंच इंजिनं कुठं सुटतात, प्लॅटफॉर्मवर कुठं उभं राहिलं म्हणजे नीट दिसतात ते सविस्तर सांगितलं. प्लॅटफॉर्म तिकीट काढायलाही बजावलं.

तवंदी उतार, निपाणी

आमच्या निपाणीला रेल्वेच नाही. त्यामुळं आमचा छंद मुळात ड्रायव्हिंगचा, रेल्वे शेवटी थोडीशी. चिक्कोडी रोड स्टेशन चिक्कोडीत नाही, हे समजल्यावर आमचे अर्धे मेंबर क्रिकेटकडं वळले.

तवंदी घाटात धुक्यात हायबीम लावणाऱ्यांना हात जोडून विनंती. समोरचा पांढरा पडदा आणखी पांढरा होतो, दुसरं काही होत नाही. दिवे डिपरवर, म्हणजे खाली, ठेवा. चालत्या गाडीला चारही इंडिकेटर लावू नका, तुम्ही वळणार की थांबणार ते मागच्याला कळत नाही. माझा आरसा असल्याच एका गाडीनं नेला.

गेटमनचा भाचा

मामा गेटमन होते, आता रिटायर आहेत. गेट कुठलं ते सांगत नाही, घटप्रभा आणि बेळगावच्या मधलं समजा.

जानेवारीतली पहाट. रात्री मामांकडं मुक्कामाला होतो आणि पहाटे त्यांचा डबा घेऊन बाइकवर निघालो होतो. खरं सांगायचं तर डबा निमित्त, मला मालगाडी बघायची होती. व्हायझरवर थेंब जमतात म्हणून तो वर केलेला आणि डोळ्यांत पाणी. गेटजवळ आलो तर ट्रॅक्टरचा आवाज, माणसांची ओरड. डबल ट्रॉलीची मधली पिन निसटली होती. पुढची ट्रॉली पलीकडं गेली आणि मागची, उसानं शिगोशीग भरलेली, रुळावर आडवी.

माझ्या पोटात गोळा. मामा मात्र शांत. फोनवर स्टेशन मास्तरांना कळवलं, लाल कंदील घेतला, फटाक्यांचा डबा घेतला. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. रुळाच्या माथ्यावर बसवायच्या चपट्या डब्या असतात त्या, वरून चाक गेलं की फुटतात. ड्रायव्हरला धुक्यात झेंडा नाही दिसला तरी आवाज येतोच. गेटपासून ६०० मीटरवर एक, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतर ठेवून तीन. मामा त्या वयात, त्या थंडीत, धुक्यात दिसेनासे होईपर्यंत जवळजवळ पळत गेले.

मी त्यांना नंतर विचारलं, गाडी आलीच असती तर? ते म्हणाले, "सिग्नल दिलाच न्हवता की." गेट आणि सिग्नल कुलपानं बांधलेले असतात. गेट पडून कुलूप लागल्याशिवाय गेटचा सिग्नल हिरवा होतच नाही. फोनवर स्टेशन मास्तर आणि गेटमन एकमेकांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा आकडा, देतात, तो लिहून ठेवतात, तेव्हा गेट बंद आहे असं धरतात. गेटच्या सिग्नलला पिवळ्या गोल पाटीवर काळं इंग्रजी जी असतं. तिथं लाल दिसलं तर ड्रायव्हर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबणार, मगच सावकाश गेटपर्यंत येऊन गेटमन काय दाखवतोय ते बघणार. इतकी सगळी व्यवस्था माणसाला दिसत नाही हे गृहीत धरून केलेली आहे. आणि आपण रस्त्यावर? पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसतोय तोवर त्याच्यामागं साठनं जायचं, हा आपला नियम. तो दिवा कालव्यात गेला तर आपणही कालव्यात.

मग गावातली माणसं आली, दुसरा ट्रॅक्टर आला, दोर बांधून ट्रॉली ओढली. निम्मा ऊस रुळावर पडलेला, तो पोरांनी वेचला, दोन पोरं तिथंच सोलून खात बसली. मालगाडी लांब सिग्नलला उभी होती. तिच्या इंजिनाची धडधड पायाला जाणवत होती, पण दिसत काहीच नव्हतं. शेवटी गेट पडलं, सिग्नल मिळाला आणि ती आली. हुबळी शेडचं डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिन, चार हजार हॉर्सपॉवर, दिव्याभोवती केवढं तरी मोठं वलय. असं दर्शन मला परत झालं नाही. मामांनी हिरवा कंदील धरलेला, आणि दुसऱ्या हातात मी आणलेला जेवणाचा डबा, कारण तो खाली ठेवायला त्यांना वेळच झाला नव्हता.

ट्रॅक्टरवाला म्हणे मला विचारत होता, "तुम्ही रेल्वेचे साहेब काय?" गळ्यात कॅमेरा होता ना.

जुना मीटरगेज, शहापूर

तुम्ही मुलं वंदे भारत म्हणता. आम्ही वायपी आणि वायजी या वाफेच्या इंजिनांसाठी उठत होतो. नव्वदच्या दशकात मीटरगेजचे अरुंद रूळ जाऊन ब्रॉडगेज आलं, त्याआधीची गोष्ट. स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्र लावायचं, राजदूतला किक मारायची आणि सुळेभावीकडं निघायचं. वाफेच्या इंजिनाचं एक होतं, धुक्यात ते आणखी भारी दिसायचं, कारण थंडीत वाफ लवकर विरत नाही.

अपघात म्हणाल तर सांबऱ्याच्या रस्त्याला म्हशीवर गेलो. म्हशीला काही झालं नाही. मालकानं मला घरात नेऊन शेकोटीपाशी बसवलं, चहा दिला, आणि मग राजदूतच्या हँडलवर पाय ठेवून ते सरळ करून दिलं. गाडी चुकली, पण पुढं त्याच्याकडूनच वर्षानुवर्षं दूध घेतलं.

नाव नको, अनगोळ

मी बघणारी नाही, बघणाऱ्याची बायको आहे. धागा वाचला. आमच्याकडं "मैलाचा दगड" असं सांगितलं नव्हतं, "पार्किंगमध्ये कुणीतरी घासलं" असं सांगितलं होतं. पाच जणांत आमचे हे होते. गाडी माझ्या नावावर आहे.

तिसरं गेट

वहिनी, गाडी चालवणारा मी नव्हतो एवढं नोंदवून ठेवतो.

बाकीच्यांनो, रविवारी कोण कोण येणार? देसूर की खानापूर?

तवंदी उतार, निपाणी

मी येतो, पण पहाटे नाही. नऊला निघेन.

नाव नको, अनगोळ

आमचे हे येतील. बसनं.

वाडं आणि पाचट, रायबागकडचा

नऊला निघून वंदे भारत कुठली दिसती मर्दा? हरिप्रिया बघू या दुपारची. मी येताना खवा आणतो, कुंदा कुणीतरी घरी करा.