मदत हवी आहे: आई-बाबांची आरोग्य विम्याची पॉलिसी वेगळी की सगळ्यांची एकच?

नमस्कार मंडळी. नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहतो. घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी, आई (६३) आणि बाबा (६८). बाबांना शुगर अन् बीपी, दोन्हीच्या गोळ्या चालू. माझ्या कंपनीच्या ग्रुप विम्यात आई-बाबा नाहीत, आणि नोकरी सुटली की तोही गेला.

एजंट म्हणतो, पाचही जणांची एकच फ्लोटर घ्या, म्हणजे विम्याची एकच रक्कम सगळ्यांत मिळून वापरायची. मला ते पटत नाही. फ्लोटरचा हप्ता साधारणपणे घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. शिवाय बाबांचं एखादं मोठं ऑपरेशन झालं तर त्या वर्षी बाकीच्यांसाठी उरणार काय?

आधीच्या आजारांचा क्लेम मिळायला प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३ वर्षं, हे माहीत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये हप्त्यावरचा जीएसटीही गेला. सत्तरीनंतर बाबांना आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड मिळेल, पण तोवर काय?

खरा घोळ खोलीभाड्याचा. मर्यादा असलेली पॉलिसी स्वस्त पडते, पण त्याहून महाग खोली घेतली की नुसता भाड्यातला फरक नाही, डॉक्टरांची फी वगैरेही त्याच प्रमाणात कापतात. धंतोली-रामदासपेठेतल्या हॉस्पिटलांत साध्या सिंगल रूमचं भाडं सध्या किती आहे? आणि बाबांसाठी २० टक्के को-पे (क्लेमचा तेवढा वाटा आपण भरायचा) घेऊन हप्ता कमी करणं परवडतं का? ज्यांनी स्वतः क्लेम केलाय त्यांनी सांगा ना.

एजंट लोकांनी कृपया इनबॉक्समध्ये येऊ नये. एकच पुरून उरलाय.