एसएलआर काढून इन्सास दिली, हे पायदळाचं नुकसानच झालं

सुभेदार (निवृत्त), मराठा पलटण:

एसएलआरच्या जागी आलेली 5.56 मिमीची इन्सास रायफल आता हळूहळू फौजेतून जाते आहे आणि अमेठीच्या कारखान्यात तयार होणारी एके-203 तिची जागा घेते आहे. परवा आमच्या माजी सैनिकांच्या बैठकीत हा विषय निघाला. बहुतेकांचं म्हणणं पडलं की एसएलआरही जड होती, जुनी होती, ती गेली तेही योग्यच झालं. मला हे मान्य नाही.

मी 1979 साली बेळगावला भरती झालो. रंगरूट असताना हातात आली ती इशापूर कारखान्याची 1ए1, म्हणजे आपली 7.62 मिमीची एसएलआर (सेल्फ लोडिंग रायफल). मूळ नमुना बेल्जियमचा. वीस गोळ्यांचं मॅगझीन, ट्रिगर दाबला की एकच गोळी. बट खांद्याच्या खळगीत नीट बसला नाही तर संध्याकाळी बनियन काढताना निळा डाग दिसायचा. उस्ताद त्यावर मलम देत नसत, पकड सुधारून घेत. एकदा पकड बसली की दूरच्या टार्गेटवरही सगळ्या गोळ्यांचं ग्रुपिंग पंजाएवढं यायचं.

तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू म्हणजे गॅस रेग्युलेटर. नालीवरची ती खाचांची रिंग ज्यांनी फिरवली असेल त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. रायफलमध्ये कार्बन साचला, माती गेली, रिकामी पुंगळी नीट बाहेर पडेना, की रिंग एक-दोन खाचा पुढे घ्यायची. पिस्टनला जास्त गॅस मिळतो आणि रायफल पुन्हा चालू. अंधारात नुसतं चाचपून हे जमायचं, कारण ते आमच्याकडून तितक्या वेळा करून घेतलेलं असायचं.

आणि मार! काश्मीरमध्ये झाडाच्या बुंध्याआड किंवा लाकडी भिंतीमागे दडलेल्याला 7.62 सोडत नव्हती. 5.56 आणताना आम्हाला सांगण्यात आलं की शत्रू जखमी झाला की त्याला मागे न्यायला आणखी दोघं गुंततात. समोर नियमित फौज असेल तेव्हा हे गणित ठीक. दहशतवाद्याला उचलायला कोणी येत नाही, तो पडल्या पडल्या फायर करत राहतो. 2019 साली फौजेने 72,400 सिग-716 रायफली मागवल्या, त्याही 7.62 बाय 51 मध्ये (गोळीची जाडी 7.62 मिमी, पुंगळीची लांबी 51). म्हणजे एसएलआरचीच गोळी. आणखी कसला पुरावा हवा?

पलूसचा हवालदार:

साहेब, जय हिंद. तुमचा मान राखून विरोधात बोलतो.

1987 ला आम्ही श्रीलंकेत उतरलो तेव्हा आमच्याकडे हीच एसएलआर होती आणि एलटीटीईच्या पोरांकडे एके. जाफन्याच्या बाजूच्या वस्त्या ज्यांनी बघितल्यात त्यांना ठाऊक आहे, प्रत्येक घराभोवती ताडाच्या झावळ्यांचं उंच कुंपण आणि मधून बैलगाडीपुरत्या गल्ल्या. अंतर कसलं, समोरचा घराच्या कोपऱ्यावर उभा. तिथं मीटरभराहून लांब रायफल घेऊन वळायचं म्हणजे नाल कुंपणात अडकायची, दाराच्या चौकटीला लागायची. तिकडून सलग बर्स्ट यायचा आणि आम्ही एकेक गोळी मोजत बसलोय. शिस्त धरायला सवड कुणी दिली होती?

तिथं जी माणसं आम्ही गमावली ती काही निशाणा कच्चा होता म्हणून नाही गमावली. पुढं पूर्व युरोपातून एके मागवाव्या लागल्या त्या उगाच नाहीत. रेंजवरची एसएलआर मलाही आवडायची. पण रायफल गल्लीत कशी चालते त्यावर मी तिला जोखतो.

वरणगाव, दारूगोळा कारखाना (निवृत्त):

दोघांनीही इन्सासला बाजूलाच टाकलं, म्हणून लिहितो. माझं आयुष्य गोळ्या बनवण्यात गेलं आहे, त्यामुळे गोळीपासूनच सुरुवात करतो.

7.62 बाय 51 चं एक काडतूस साधारण 24 ग्रॅम भरतं, 5.56 चं 12. शंभर गोळ्यांमागे सव्वा किलोचा फरक. त्याच वजनात जवान दुप्पट गोळ्या नेतो. शिवाय रायफल आणि एलएमजी (हलकी मशीनगन) एकाच गोळीवर चालतात. गोळीचा वेग सेकंदाला नऊशे मीटरच्या आसपास, म्हणजे एसएलआरपेक्षा जास्त, आणि धक्का निम्म्याहून कमी. नवा मुलगा पहिल्याच दिवशी न बिचकता फायर करतो.

आणि साहेब, ज्या गॅस रेग्युलेटरचं तुम्ही इतकं कौतुक केलंत तो इन्सासमध्येही एसएलआरवरूनच घेतलेला आहे. बोल्ट आणि पिस्टनची रचना एकेच्या वळणाची. हे सगळं पुण्यात पाषाणला, डीआरडीओच्या एआरडीई या प्रयोगशाळेत जुळवलं गेलं. आपल्या माणसांनी आपल्या फौजेसाठी आखलेली पहिली रायफल होती ती. 2005 साली नेपाळमध्ये कालिकोटच्या लढाईनंतर तिथल्या सैन्याने इन्सासला दोष दिला, तेव्हा इकडून देखभाल आणि वापराचा मुद्दा मांडला गेला, पण तोपर्यंत नाव खराब झालं होतं. एखादं हत्यार वीस-पंचवीस वर्षं सुधारत नेलं तर ते पक्कं होतं. आपण तिला तो धीर दाखवला नाही.

द्रास 1999:

कारखान्यातल्या बंधूंच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण धीर धरायचा कोणी? कारगिलच्या लढाईत वर आम्ही होतो.

इन्सासचं मॅगझीन पारदर्शक होतं. किती गोळ्या उरल्या ते नजरेला दिसायचं, ही खरोखर चांगली सोय होती. पण त्या थंडीत प्लॅस्टिक कडक व्हायचं. आडवं होताना दगडावर आपटलं की वरच्या ओठाशी, जिथे पहिली गोळी धरलेली असते, तिथेच चीर जायची. मग गोळी तिरकी चढते आणि रायफल अडते. रोक काढायचं, म्हणजे अडलेली रायफल सोडवायचं, शिक्षण सगळ्यांना असतं, पण तुटलेल्या ओठावर कसली ड्रिल नाही, मॅगझीन टाकून द्यायचं आणि पुढचं लावायचं. माझ्या शेजारच्या जवानाने दोन बरी मॅगझीन पारका कोटाच्या आत, अंगाला लावून ठेवली होती. सारखं फायरिंग झालं की तेलाचा फवारा डोळ्याकडे यायचा तो वेगळाच.

तरी मी सुभेदार साहेबांच्या बाजूनेही नाही. सोळा हजार फुटांवर, रात्री, दोर धरून चढताना एसएलआर आणि तिच्या गोळ्या घेऊन जा म्हणणं सोपं नाही. तिथे शंभर ग्रॅमही कळतो. 5.56 चा विचार चुकीचा नव्हता. त्या विचाराला जे सामान मिळालं ते त्या जागेसाठी पुरतं तपासलेलं नव्हतं, आणि याची किंमत जवानाने मोजावी हे मला आजही पटत नाही.

मेजर (निवृत्त), मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस:

“5.56 फक्त जखमी करते” हे वाक्य पुरुषमंडळींच्या गप्पांमध्ये मी पुष्कळ वेळा ऐकलं आहे. ऑपरेशन टेबलाच्या बाजूने पाहिलं तर ते इतकं सरळ नाही. हलकी, वेगवान गोळी जवळून लागली की शरीरात आडवी होते, कधी तुटतेही. बाहेरचं छिद्र बोटाएवढं आणि आत स्नायूंचा चिखल. जड गोळी कधी कधी मांडीतून आरपार जाते आणि मुलगा पुन्हा पायावर उभा राहतो. गोळी कुठे लागली, रक्त किती वेळ वाहिलं आणि तो आमच्यापर्यंत कधी पोचला, यावर सगळं ठरतं. शिवाय लढाईत जखमी होऊन येणाऱ्यांमध्ये गोळीपेक्षा तोफेच्या आणि मॉर्टरच्या स्प्लिंटरचे जास्त असतात.

थ्री नॉट थ्रीवाल्याचा मुलगा:

वडील 1962 ला नेफात (आताच्या अरुणाचलात) होते. बोल्ट मागे-पुढे करायची थ्री नॉट थ्री, मॅगझीन दहा गोळ्यांचं. समोर चिनी सैनिकांकडे अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित रायफली. तरी वडील कधी रायफलला नावं ठेवत नसत. फायरिंगनंतर नालीत उकळतं पाणी ओतायचं, मग चिंधी ओढायची, तेल लावायचं, हे ते म्हातारपणीही हातवारे करून दाखवायचे. त्यांचा राग दुसऱ्या गोष्टीवर होता. नामका छू नदीवर जवानांकडे पाऊचमधल्या 50 गोळ्या आणि सुती कपडे होते. चांगल्यातली चांगली रायफल दिली असती तरी 50 गोळ्यांनंतर तिची काठीच झाली असती. या चर्चेत पुरवठ्याबद्दल फक्त वरणगावकर बोललेत, याचं वाईट वाटतं.

सुभेदार (निवृत्त), मराठा पलटण:

हवालदार, जाफन्याच्या गल्लीत एसएलआर लांब पडली, याबद्दल वाद नाही. पण त्यावरचं उत्तर एके होतं आणि ते तुम्ही स्वतःच सांगितलंत. जवळच्या कामाला एके, लांबच्या माराला एसएलआर, सेक्शनच्या एका छोट्या तुकडीत दोन्ही ठेवता आल्या असत्या. काश्मीर खोऱ्यात आम्ही तसं करूनही पाहिलं आहे. मग या दोघींच्या मधली इन्सास कशासाठी? आणि वजनाचं म्हणाल तर रिकामी इन्सासही चार किलोच्या वरच भरते. मेजर मॅडम, तुमच्या अनुभवापुढे मी बोलणार नाही, पण बुंध्याआडचा माणूस तुमच्या टेबलापर्यंत आलाच नाही तर ती जखम मोजायची कशी?

वरणगाव, दारूगोळा कारखाना (निवृत्त):

साहेब, दोन्ही ठेवा म्हणता तेव्हा गोळ्यांच्या पेट्या कोण वेगळ्या करणार तेही सांगा. आज तीच वेळ पुन्हा आली आहे. एके-203 ला 7.62 बाय 39, सिगला 7.62 बाय 51, आणि उरलेल्या इन्सासला 5.56. पहिल्या दोन गोळ्या एकमेकींच्या रायफलमध्ये चालत नाहीत, पण बोलताना दोन्हीला सगळे नुसतं “सात बासष्ट”च म्हणतात. रात्री खेचरावर लादलेली पेटी चुकून दुसऱ्या पोस्टवर गेली, तर तिथल्या जवानाला 50 गोळ्यासुद्धा मिळायच्या नाहीत. थ्री नॉट थ्रीवाल्यांच्या वडिलांचा राग ज्यावर होता, तो प्रश्न एका गोळीने सुटत आला होता. तो आपण परत उघडला आहे.