अर्धवट सुधारलेल्यांनी इथे लिहा (अनुभव)

कढीपत्ता
जिकडे बघावं तिकडे आधीचा फोटो आणि नंतरचा फोटो. मधला फोटो कोणीच टाकत नाही, मला तो पाहिजे. म्हणजे संकल्प केला, थोडं जमलं, मग फिसकटलं, मग भलतंच काहीतरी झालं, असे अनुभव लिहा. टिप्स नकोत, टिप्सनी माझा फोन भरलाय.

माझ्यापासून सुरुवात. २०१८ च्या आसपास आमच्या अख्ख्या सोसायटीत डॉ. दीक्षितांच्या डाएटची साथ आली होती (तिसरा मजला दीक्षित, चौथा मजला ऋजुता दिवेकर, लिफ्टमध्ये चकमकी). माझं एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.९. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं. केलं. चार महिन्यांत ६.१. पण त्या ५५ मिनिटांचं मी काय करायचे ते सांगते, मोबाईलवर टायमर लावून बसायचे आणि पन्नासाव्या मिनिटाला मला शिरा आठवायचा. शिवाय मी असह्य झाले होते. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या बाईंना इन्शुलिन समजावून सांगितलंय मी, बिचाऱ्या जिलबी खात होत्या. मग २०२० चा लॉकडाऊन, रोज घरात काहीतरी फुगतंय किंवा तळलं जातंय, ७.३. आता गोळी चालू आहे, संध्याकाळी चालते. त्या सगळ्यातून बिनसाखरेचा चहा तेवढा कायमचा राहिला, तोच का राहिला काय माहीत.

एसटीतला
मी सोलापूरकडचा. तंबाखू-चुना, अकरावीपासून, म्हणजे २२ वर्षं. सोडायचे प्रयत्न मोजून सात. एक गोष्ट कोणी सांगत नाही, तलफ तोंडाला नंतर येते, आधी हाताला येते. जेवण झालं की डावा तळहात आपोआप पुढे आणि उजवा अंगठा मळायला लागतो, हातात काही नसताना. बायको म्हणायची, काय हवा मळताय का.

१८००-११-२३५६ ला फोन केला, तंबाखू सोडवणारी सरकारी लाईन आहे, फुकट आहे. तिथल्या मॅडमनी सोडायची तारीख ठरवायला लावली. मी ठरवली आणि उद्या सोडायचीच आहे म्हणून आदल्या दिवशी दुप्पट खाल्ली. निकोटीनचं च्युइंगम आणलं, २ मिलिग्रॅमचं, ते थोडं चावून गालात धरून ठेवायचं असतं हे मी नंतर वाचलं, पहिल्या दिवशी कचाकचा चावलं आणि डेपोत तासभर उचक्या, सगळे म्हणतायत कोण आठवण काढतंय रे. चार महिने बंद राहिली. मग तोंड रिकामं राहवेना म्हणून भाजकी सुपारी सुरू केली, ती काय तंबाखू थोडीच आहे. दातांच्या डॉक्टर मॅडमनी तीन बोटं उभी तोंडात घालायला सांगितली, तिसरं जाईना. म्हणाल्या तंबाखू नसली तरी नुसत्या सुपारीनेही कॅन्सर होतो. आता बडीशेप. खिसा तोच, पुडी तशीच.

पडवी
मुलीवर ओरडायचं नाही असं गुढीपाडव्याला ठरवलं. राग आला की दहापर्यंत मोजायचं. चौथीचं गणित, भागाकार, बाकी उरते ती वर कशाला लिहिलीस विचारलं तर म्हणते तिला तिथे बरं वाटतं. मी मोजायला लागले, एक दोन तीन, आणि सातला ही दप्तर उचलून आजीच्या खोलीत. आठवड्याभरात तिला कळलं होतं की आई आकडे म्हणायला लागली की पळायचं. आता मनात मोजते, तर ओठ हलतात म्हणे.

रातराणी
लिहू की नको करत होते. नवऱ्याने दारू सोडली त्याला पावणेतीन वर्षं झाली. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये होता, डॉ. अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ ला सुरू केलेलं. त्याआधी दोनदा सोडून स्लिप झाली होती, एकदा तर नवव्याच दिवशी. पण त्याच्याबद्दल सगळेच बोलतात, मला माझं सांगायचंय.

तो प्यायचा तेव्हा मी घरातली पोलीस होते. बाटलीवर पेनाने खूण, फ्लशची टाकी, तांदळाचा डबा, स्कूटरची डिकी, सगळीकडे माझी झडती असायची. त्याच्या ऑफिसला ताप आहे म्हणून कळवणारी पण मीच. तो सोबर झाला आणि मला कामच उरलं नाही. हसू नका. अजूनही तो घरी आला की दार उघडताना मी श्वास ओढून घेते, वास येतोय का बघायला, आणि त्याला ते कळतं. मग तो मुद्दाम जवळ येऊन तोंड उघडून हाऽऽ करतो, आणि त्यानंतर जेवण होईपर्यंत कोणी बोलत नाही.

अल-अनॉनची मीटिंग असते, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. मला वाटलं होतं तिथे नवऱ्याला ताळ्यावर कसं ठेवायचं ते सांगतील. एका आजींनी विचारलं, त्याचं कळलं, तुझं काय चाललंय? मला सांगता येईना. मला काय आवडतं तेही आठवेना. मग पोहायचा क्लास लावला, वयाच्या ४६ व्या वर्षी, अजून तलावाच्या काठाचा बार सोडून लांब जात नाही, पण पाण्यात असते तो अर्धा तास त्याचा विचार येत नाही. आणि घरी येऊन तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालते. रोज नाही, महिन्यातून एखाद्या वेळी. सासूबाई म्हणतात आता तरी सुखात राहा की. कसं सांगू, तो पिऊन यायचा तेव्हा निदान भांडणात मीच बरोबर असायचे. हे पहिल्यांदाच कुठे लिहितेय.

घरकोंबडा
रातराणी, वाचून जरा थांबलो. माझं अगदीच हलकं आहे, चालवून घ्या. इगतपुरीला विपश्यना, दहा दिवस, पहाटे चारची घंटा, मौन, फोन जमा. नवव्या दिवशी तर मला शेजारच्या साधकाच्या ढेकराबद्दलही ममत्व वाटायला लागलं. अकराव्या दिवशी सकाळी बाहेर पडलो आणि कसारा यायच्या आत विंडो सीटवरून एका काकांशी तू-तू मैं-मैं. भांडताना श्वासाकडे लक्ष होतं, एवढंच काय ते.

कढीपत्ता
रातराणी, डब्याचं वाचून माझा भाऊ डोळ्यापुढे आला. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

आणि मला खाजगीत २१ दिवसांचं चॅलेंज पाठवणाऱ्यांसाठी: ते २१ दिवस एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आलेत, १९६० मधले, नाकाचं ऑपरेशन झाल्यावर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान इतके दिवस लागतात असं त्याचं निरीक्षण होतं. नाकाचं! पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजवाल्यांनी खरंच सवयी मोजल्या तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले आणि माणसामाणसांत फरक १८ पासून २५४ पर्यंत. मी २५४ वाली असणार.

एसटीतला
अपडेट. परवा पुतण्याच्या वरातीत तंबाखूचा एक बार भरला. चुना जास्त झाला, गाल भाजला, थुंकायला जागा नव्हती म्हणून बँडवाल्यांच्या मागे गेलो तर तिथे आमच्या डॉक्टर मॅडमचे मिस्टर, तेही त्याच कामाला. आज परत बंद. मोबाईलमध्ये जे दिवस मोजतो तो आकडा शून्य केलेला नाही. मॅडमना सांगू नका.