शिक्षण आधी की सहभाग आधी?

‘विद्यार्थ्यांनी आधी शिक्षण पूर्ण करावे, सार्वजनिक प्रश्नांचे नंतर पाहता येईल’ हे मत मला मान्य नाही. कोल्हापूर संस्थानातील माणगावला मार्च १९२० मध्ये जी परिषद भरली आणि जिथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची जाहीर ग्वाही दिली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब तेव्हा अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि लंडनमधले त्यांचे शिक्षण अजून अपुरेच होते. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे आले, त्यांनी शिक्षण आणि सार्वजनिक काम यांत आधी-नंतर असा क्रम लावला नव्हता.

मतदानाचे वय २१ वरून १८ झाल्याला, म्हणजे १९८९ पासून, साडेतीन दशके उलटली. पण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने बंद होऊन त्यांच्या जागी नेमणुका आल्या आणि २०१६ च्या कायद्याने निवडणुकांची पुन्हा तरतूद करूनही त्या वर्षानुवर्षे रखडल्या. (हिंसाचाराची भीती खरी होती, हे मी नाकारत नाही.) मात्र वाद घालून, मते मोजून, हरल्यावर समोरच्याशी हात मिळवण्याची सवय नेमणुकीने लागत नाही, आणि गावात तणाव वाढतो तेव्हा नेमकी तीच सवय कामी येते.

करवीर तालुक्यातल्या आमच्या ग्रामसभेत एकोणिसाव्या वर्षी मी पाणीपट्टीच्या हिशेबाबद्दल उभा राहून विचारले, तेव्हा ‘बस रे पोरा, मोठ्यांना बोलू दे’ असे उत्तर मिळाले. इतिवृत्ताच्या वहीत माझी सही घेतली गेली, प्रश्न मात्र कुणी लिहून घेतला नाही.